आक्काचं ‘बघू की’

दाजींचा फोन आला तेव्हा मी आक्काच्याच दुकानाचं काम करत होतो. भाजलेल्या काजूच्या नव्या पाकिटाचं लेबल. ‘भाजलेले’ या शब्दातल्या ज आणि ले यांच्यामधली जागा मला काही केल्या पटत नव्हती, ती कमीजास्त करत बसलो होतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या चुलतबहिणीचे, शालनआक्काचे यजमान. त्यांना फोनवर प्रस्तावना करायची सवय नाही. “गेली,” म्हणाले. मी “कधी?” म्हणालो, ते “आत्ताच” म्हणाले. दवाखान्याच्या व्हरांड्यात कुणाच्या तरी डब्याचं झाकण खाली पडलं, ते गोल फिरत फिरत थांबलं, तेवढं मला फोनवर ऐकू आलं. फोन ठेवला आणि मी त्या दोन अक्षरांमधली जागा नीट केली, फाइल सेव्ह केली, पंखा बंद केला, दाराला कुलूप लावलं आणि ते ओढून पाहिलं. सगळं इतकं शिस्तीत केलं की नंतर माझाच मला राग आला. रडू आलं नाही. स्मशानातही आलं नाही, आणि आता कित्येक आठवड्यांनी हे लिहायला बसलोय तरी आलेलं नाही.

माझा धंदा जाहिरातींचा. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं लहानसं ऑफिस आहे. दुकानांची नावं, बोर्ड, पिशव्या, लेबलं, असं सगळं तिथे होतं. अलीकडे याला ‘ब्रँडिंग’ म्हणतात आणि तसं म्हटलं की गिऱ्हाईक जरा सावरून बसतं. शेकडो दुकानांना चेहरा दिला असेल मी, पण ज्या एका दुकानाचा मला खरोखर अभिमान वाटतो त्याचं नाव मी दिलेलं नाही, ते चुकून पडलं. ते दुकान आक्काचं. सध्या ते बंद आहे. गाळ्याचे मालक भले गृहस्थ, पण ते तरी किती थांबणार? ‘चालू ठेवताय का सोडताय, तेवढं सांगा’ असा त्यांचा निरोप येऊन पडलाय. तेजू, म्हणजे आक्काची एकुलती एक लेक, पुण्यात नोकरीला. दाजींनी त्या दुकानाला पहिल्या दिवसापासून नाकं मुरडलेली. आणि मी? मी फक्त अक्षरं काढणारा माणूस.

दुकानाचं नाव ‘बघू की’. बाहेरच्यांना यात गंमत वाटते, पण या दोन शब्दांनी आम्हा कोल्हापूरकरांची अर्धी आयुष्यं गेलीत. एखाद्याला लग्नाचं आमंत्रण दिलं आणि तो “बघूऽऽ की” म्हणाला, तर त्याचं ताट धरायचं नाही. उसनी शिडी मागितली आणि समोरचा “बघूऽऽ की” म्हणाला, तर दुसऱ्या दारी जायचं. तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून आम्ही ‘बघू’ लांबवतो आणि ‘की’ हळूच खाली ठेवतो. आक्काचं मात्र उलट होतं. ती बघू चटकन उरकायची आणि की दाणकन आपटायची. “बघू की!” म्हणजे झालंच म्हणून समजा. लहानपणी सुट्टीत मी आजऱ्याला काकांकडे जायचो. “आक्का, नदीवर जाऊया?” म्हणून विचारलं की ती “बघू की!” म्हणायची, आणि मी मान वर करून बघेपर्यंत तिच्या खांद्यावर टॉवेल असायचा. पोहायला मला तिनेच शिकवलं. तेजूला हे कधी कळलं नाही. तिची शाळेची सहल असो नाहीतर नवा फ्रॉक, आईचं उत्तर ठरलेलं, आणि त्यावर लेकीचा प्रश्नही ठरलेला. “बघू की म्हणजे काय गं आई? हो का नाही?” आक्का कधी उत्तर द्यायची नाही. नुसती हसायची, आणि सहलीच्या आदल्या दिवशी डब्यात लाडू दिसायचे.

लग्न होऊन ती कोल्हापुरात आली ती एका ‘न्हाय’ म्हणणाऱ्या माणसाच्या घरात. दाजी कागलकडच्या एका साखर कारखान्याच्या ऑफिसात होते. माणूस सोन्यासारखा, पण कुठल्याही गोष्टीला पहिला शब्द ‘न्हाय’. चहा घेणार का? न्हाय. आणि मग घेणार. आक्काने त्यांच्या न्हाय-ला कधी भीक घातली नाही आणि भांडणही काढलं नाही. माहेरून एस.टी.तनं घनसाळ तांदळाचं पोतं यायचं. हा तांदूळ शिजायला लागला की वास लपत नाही, अख्ख्या गल्लीला कळतं. शेजारच्या बायका आधी वाटीभर मागायला आल्या, मग विकत मागायला लागल्या. असं करत करत आक्काच्या पुढच्या खोलीत तांदूळ, नाचणी, चंदगडकडचे काजू अशी पोती लागली आणि दाजींना पेपर वाचायला जागा उरली नाही. तेजू नोकरीला लागली, दाजी निवृत्त झाले, आणि एक दिवस आक्का माझ्या ऑफिसात येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. “बाळ्या, मी दुकान काढतो. तुझं ते ब्रँडिंग का काय ते मला करून दे. आणि भावकी म्हणून उरकू नगंस.” आमच्याकडच्या बायका ‘मी काढतो, मी जातो’ असंच म्हणतात. तेजूने पुण्याला गेल्यावर ते सोडलं, आक्काने शेवटपर्यंत नाही सोडलं.

मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. भाताची लोंबी काढली, डोंगर काढले, मागे सूर्य. आक्काने सगळे कागद पत्त्यांसारखे पिसले आणि परत दिले. “आरं, लोंबी तर सगळ्यांच्याच पिशवीवर हाय. गिऱ्हाईक माझ्याकडं का येतंय, ते काढ की.” का येतंय? मी विचारलं. तिने उठून हाताची ओंजळ केली आणि टेबलावर एक अदृश्य ढीग रचला. “शीग.” आजऱ्याच्या घरात धान्य मोजायचं पितळी मापटं होतं. माप काठोकाठ भरलं की त्यावर जो उंचवटा राहतो ती शीग. काट्यावर वजन करायला लागल्यापासून मापटं गेलं आणि शीगही गेली. आक्काची मात्र गेली नव्हती. काटा बरोबर आला की ती वर एक मूठ टाकायचीच. दाजी कुरकुरायचे, “पदरचं घालतीस व्हय?” ती म्हणायची, “माप काट्याचं. शीग माझी.”

मग मी शीग काढायला बसलो. मापट्यावर ढीग काढला तर आइस्क्रीमचा कप दिसायला लागला. मापटं बसकं केलं, तर दाजी चष्मा वर करून म्हणाले, “ही प्रसादाची वाटी हाय काय?” कलाशाळेत शिकलेलं सगळं पणाला लावलं तरी शीग काही जमेना. त्यात नावाचा घोळ. तेजू पुण्याहून रोज एक इंग्रजी नाव पाठवायची, त्यात ‘फार्म’ नाहीतर ‘नॅचरल’ असायचंच. दाजींना ‘जोतिबा प्रसन्न धान्य भांडार’ हवं होतं आणि त्याखाली आपल्या आईचं नाव. मला वाटायचं, आजरा हा शब्द नावात आला पाहिजे. आम्ही तिघं तीन तोंडांनी बोलायचो आणि आक्का नाचणी पाखडत ऐकायची. दसऱ्याचा मुहूर्त ठरला, गाळ्याला रंग झाला, तरी दुकानाला नाव नाही. मी वैतागून तिला म्हणालो, “आक्का, आता तूच बोल, नाहीतर मी ‘किराणा’ एवढंच लिहीन.” तर म्हणाली, “लिही. त्यात खोटं काय हाय?”

घटस्थापना झाली तरी नावाचा पत्ता नाही. शेवटी बोर्डाचा आकार आणि रंग तरी डोळ्याखालून जावा म्हणून मी आमच्या नेहमीच्या फ्लेक्सवाल्याकडे नमुना छापायला टाकला आणि एका कामासाठी कागलला गेलो. नावाची जागा मी मोकळी ठेवली होती. त्याने मला फोन केला, तो लागला नाही. मोठा तत्पर माणूस, त्याने आक्काचाच नंबर मिळवला. “काकू, बोर्डवर नाव काय टाकायचं?” आक्का बिचारी फोडणीत. तिला वाटलं, हा नाव ठरवायला सांगतोय. ती म्हणाली, “बघू की!” आणि फोन ठेवला. ते तिचं नेहमीचं, ठाम, दाणकन आपटलेलं बघू की. त्यात कुणाला शंका यावी असं काहीच नव्हतं.

संध्याकाळी गाळ्यासमोर टेंपोतून बोर्ड उतरला. पिवळ्याधमक पाटीवर लाल अक्षरांत ‘बघू कि’. मी कागलहून थेट तिथेच पोचलो होतो. माझं डोकं फिरलं. फ्लेक्सवाल्याला फोन लावून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो पठ्ठ्या शांतपणे म्हणाला, “मला वाटलं, आजकाल असलीच नावं ठेवत्यात. परवाच एका हाटेलाचं ‘या की’ छापून दिलंय. आणि काकूंनी किती ठासून सांगिटलं!” मी आणखी पेटणार, एवढ्यात मागून आवाज आला. आक्का शटरच्या पायरीवर बसली होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी थांबेना. दाजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. “आता काय करायचं?” मी विचारलं. तिने बोर्डाकडे बघितलं, गाळ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, “तुमचं तिघांचं कवा ठरलं नसतं. ठरलं की आता. ऱ्हाऊदे हेच.” दाजी म्हणाले, “न्हाय!” ती म्हणाली, “बघू की!” आणि पुन्हा हसायला लागली.

मी एकाच गोष्टीवर अडून बसलो. की दीर्घ हवी. ‘कि’ ऱ्हस्व असलेला बोर्ड माझ्या हातून लागणार नाही, मग भावकी तुटली तरी चालेल. रात्री जेवण झाल्यावर ते दोन शब्द मी हाताने काढायला घेतले. ब, घू… की. शिरोरेघ जाड ओढली. वर दीर्घ वेलांटी काढली आणि पेन तसंच थांबलं. शिरोरेघ म्हणजे मापट्याचा काठ होता. त्याच्यावर क-च्या डोक्यावरून गेलेली वेलांटी, ती शीग होती. एवढे दिवस मी जी शोधत होतो ती आमच्या तोंडातल्या रोजच्या शब्दावर आयती बसली होती. वेलांटीच्या खालची पोकळी मी टिंबांनी भरली, तांदळाच्या दाण्यांसारखी, जराशी काठाबाहेर सांडलेली. सकाळी आक्काला दाखवलं. तिने बराच वेळ कागद हातात धरला, मग बोटाने वेलांटीवरून रेघ ओढली आणि एवढंच म्हणाली, “आणि एक दाणा घाल. बाहेर.” तो दाणा आजही बोर्डावर आहे, अगदी उजवीकडे, एकटा.

दुकान चाललं. आधी लोक नाव वाचून हसत आत यायचे, नंतर तांदळासाठी यायला लागले. “बघू की मधनं आणलाय” असं बायका एकमेकींना सांगायच्या. नव्या गिऱ्हाइकाला आक्का “या पावणं” म्हणायची, बोलण्यातूनच त्याचं गाव काढायची आणि मग त्या गावातली एक तरी सोयरीक शोधून काढायची. दाजी हळूहळू गल्ल्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसायला लागले. पेपर वाचायला, असं ते म्हणत. तेजू सुट्टीत आली की पिशव्यांचे फोटो काढून कुठे कुठे टाकायची. पुण्यातल्या एका प्रदर्शनात तिला कुणीतरी विचारलं, हे नाव कुठल्या एजन्सीने काढलं? तिने आईचा फोन लावून दिला. आक्का त्या बाईंना म्हणाली, “आमच्या फ्लेक्सवाल्यानं.”

दुखणं पोटात होतं आणि फार उशिरा कळलं. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. शेवटचा भेटलो तेव्हा ती दवाखान्यात खिडकीकडे तोंड करून पडली होती. हात इतके बारीक झाले होते की बांगड्या काढून ठेवल्या होत्या. मला सांत्वनाचं बोलता येत नाही, म्हणून मी मोबाईलवर काजूच्या पाकिटाचं डिझाइन दाखवलं. तिने डोळे बारीक करून बघितलं. “हिरवा चांगला हाय,” म्हणाली. मी उत्साहाने बोलत सुटलो… नवा काजू एप्रिलपासून येईल, पाकिटं त्याच्या आधी छापून ठेवू, तू घरी आलीस की आजऱ्याला जाऊन येऊ, माल तूच बघून घे. ती ऐकत होती. मग म्हणाली, “बघूऽऽ की…”

मी तिथून खुशीत बाहेर पडलो, आक्का बघू की म्हणाली म्हणून. गाडीला किक मारताना माझ्या लक्षात आलं की बघू लांब होतं. की तिने हळूच खाली ठेवली होती. आमच्यासारखी, सगळ्या कोल्हापूरसारखी. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला नाही म्हटलं होतं, आणि तेही तोंडावर म्हणणं बरं दिसत नाही म्हणून. मी परत वर गेलो नाही. ऑफिसात येऊन लेबलाचं काम करत बसलो.

ती गेल्यावर दुसऱ्याच दिवशी दाजी तेजूला घेऊन माझ्याकडे आले. चौकात बोर्ड लावायचा होता. आमच्या गावात माणूस जन्मला, निवडून आला, मेला, तरी त्याचा फ्लेक्स लागतो आणि तो बहुधा माझ्यासारखाच कुणीतरी करतो. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा तयार नमुना माझ्याकडे कायम असतो. ढग, समई, कमळ… नाव आणि फोटो बदलला की झालं. तो उघडला आणि बंद केला. पांढऱ्या पाटीवर ‘श्रद्धांजली’ आणि तिचं नाव, एवढंच लिहिलं. फोटो दाजींनीच निवडून आणला होता, उद्घाटनाच्या दिवशीचा, काट्यामागे उभं राहून हसतानाचा. तेजू रडून रडून बसलेल्या आवाजात म्हणाली, “असा हसरा चालतो का हो मामा?” दाजी म्हणाले, “चालतो.” मग मला म्हणाले, “खाली दुकानाचं नाव टाक.” मी म्हणालो, “दाजी, वर श्रद्धांजली आणि खाली ‘बघू की’? लोक हसतील.” ते म्हणाले, “हसूदेत की.” बोर्ड लागला तेव्हा मी समोरच्या चहाच्या गाडीजवळ उभा होतो. दुचाकीवरून जाणाऱ्या एकाने तो मोठ्याने वाचला, हसला, आणि पुढे जाऊन थांबला. मागे वळून पुन्हा वाचला. मग हेल्मेट काढलं. मी हे सगळं बघत होतो आणि मला काहीही वाटत नव्हतं. अक्षरं लांबून नीट वाचता येतायत, एवढंच मनात आलं. असं का व्हावं, मला अजून कळलेलं नाही. ज्या माणसाने आपल्याला पोहायला शिकवलं, त्याच्या मरणाच्या पाटीवर आपण अक्षरांची जाडी बघतो…

महिन्याचं झालं आणि परवा आम्ही तिघं दुकानात गेलो. गाळा सोडायचा असं कुणी म्हणालं नव्हतं, पण पोत्यांना कीड लागायच्या आत माल तरी हलवावा, असं ठरलं होतं. शटर अर्धंच वर केलं. आत घनसाळचा वास कोंडून राहिला होता. तेजू पाकिटं खोक्यात भरायला लागली. मी भिंतीवरची दरपत्रकं काढत होतो, ती माझीच अक्षरं होती. दाजी काट्यासमोर नुसते उभे होते. एवढ्यात शटरखालून वाकून एक बाई आत आल्या. नेहमीच्या गिऱ्हाईक असाव्यात. दाजींना बघून दारातच थांबल्या. “चौकातला बोर्ड बघितला काका. आत यावं का नगं, कळंना. पण तांदूळ संपलाय… पोरं दुसरा खाईनात.”

मला वाटलं, दाजी न्हाय म्हणणार. पण त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं, पिशवी घेतली आणि काट्यावर तांदूळ ओतायला लागले. त्यांना सवय नव्हती. थोडं घालायचे, थोडं काढायचे. अखेर काट्यावरचा आकडा स्थिर झाला. तरी ते पिशवी उचलेनात. तेजूने खोकं भरायचं थांबवलं. दाजींनी पोत्यात हात घातला, मूठ भरली, आणि ती पिशवीत वर सोडली. दोनचार दाणे बाहेर सांडले. त्यांच्या बोटांना चिकटलेले दाणे ते एकेक करून झाडत राहिले.

बाईंनी पिशवी घेतली. जाताना शटरपाशी वाकल्या, मग पुन्हा सरळ झाल्या. “काका, दुकान चालू ऱ्हाणार न्हवं?”

दाजींनी वर बघितलं. “बघू की!” म्हणाले.

बघू चटकन उरकलं होतं. की आपटली होती. इतक्या वर्षांत दाजींच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं.

बाई गेल्या. तेजू हातातलं पाकीट तसंच धरून आमच्याकडे बघत होती. दाजी तिच्याकडे पाठ करून पोत्याचं तोंड बांधायला लागले होते, म्हणून तिने मलाच विचारलं, लहानपणी आईला विचारायची तसंच. “मामा, बघू की म्हणजे काय? हो का नाही?”

“व्हय,” मी म्हणालो, आणि तेवढा एक शब्दही मला धड म्हणता आला नाही.